गाठीतली जनुकं मोजून बाबा किती जगतील हे सांगता येतं का?

निफाडची_लेक | सोमवार, रात्री ११:१०

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची वेळ आज आली. मोठं होईल, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग, जन्म तिथेच गेला. दारूला कधी शिवले नाहीत. डिसेंबरात मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली आणि लिव्हरमध्ये उजव्या बाजूला ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. नाशिकला तीन टप्प्यांचा सीटी झाला, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेलं निघालं, रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला, आणि लिव्हरचा कॅन्सर ठरला. कधी शिरला, कुठून शिरला, कुणालाच माहीत नाही. फेब्रुवारीत मुंबईला ऑपरेशन होऊन तेवढा भाग काढला. मे महिन्यातला पहिला सीटी स्वच्छ आला. आता घरी आहेत, जेवण चांगलं आहे, सकाळी बागेत एक फेरी मारतात.

मग धागा कशाला? तर चुलतभावाने एका लॅबचं पत्रक आणून दिलं. काढलेल्या गाठीतल्या जनुकांची सक्रियता मोजायची आणि रुग्णाचा धोका जास्त की कमी ते सांगायचं, अशी टेस्ट आहे. रक्कम पाच आकडी. घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो, करून टाकू, एकदाचं कळेल तरी. आई म्हणते, मला कुठलाही आकडा ऐकायचा नाही. बाबांना अजून विचारलेलंच नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतंय.

मी कॉमर्सवाली. तीन आठवडे रात्री बसून वाचतेय. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद हे पेशीगणिक वेगळं. मला हे बागेवरून कळलं. वेल एकच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तो काड्या तयार करतो, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरतो. वेल तोच असतो, त्याचं काम बदलतं. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनएच्या प्रती निघतात. त्या प्रती मोजल्या की कुठलं जनुक किती जोरात चाललंय ते कळतं. माणसात प्रथिनं बनवणारी साधारण २० हजार जनुकं आहेत आणि ती सगळी एका झटक्यात मोजता येतात. लिव्हरची निरोगी पेशी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवते. गाठ आक्रमक होत गेली की पेशी आपलं मूळ काम विसरत जाते आणि पेशी दुभंगायला लावणारी जनुकं जोर धरतात.

इथपर्यंत कळलं. पण यावरून एका माणसाचं आयुष्य किती ते कसं काढतात? आणि कळलं तर बाबांच्या उपचारात काय बदलेल? इथे डॉक्टर आणि संशोधन करणारी मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

---

सातपूरकर | सोमवार, रात्री ११:४२

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा. ४ सेंटिमीटरला सापडली आणि काढता आली, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या थोरल्या भावाची सापडली तेव्हा पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, शिरलेली होती, ऑपरेशनचा विषयच उरला नाही. टेस्टबद्दल मला कळत नाही, कळणारे लिहितीलच. मुंबईच्या फेऱ्यांसाठी काही लागलं तर हक्काने सांगा. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला जायचं सगळं गणित मला पाठ आहे.

---

अंबडचा_आनंद | मंगळवार, सकाळी ७:१५

माझं मत दादाच्या बाजूने. पैसा पुन्हा मिळवता येतो. धोका जास्त आहे असं कळलं तर लेकीचं लग्न, बागेचे कागद, बँकेची कामं, सगळं वेळेत करता येतं. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही आणि सातबाऱ्यावरची नावं निस्तरायला पुढची सहा वर्षं गेली. माहिती नको म्हणणं मला पटत नाही.

---

जीनगणित | मंगळवार, रात्री १०:०५

मी मूळचा पंचवटीतला, आता पुण्यात असतो. आरएनएचे आकडे तपासणं हाच माझा व्यवसाय आहे, डॉक्टर नाही. ताई, छाटणीचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार.

आता 'कसं काढतात' ते सांगतो. काही शे रुग्णांच्या काढलेल्या गाठी घ्यायच्या. प्रत्येकीतली २० हजार जनुकं मोजायची. मग तो रुग्ण पुढे किती महिने जगला याची नोंद शेजारी ठेवायची. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पात लिव्हरच्या साधारण ३७० गाठींचा असा डेटा आहे आणि तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मग कॉक्स या संख्याशास्त्रज्ञाचं १९७२ सालचं समीकरण वापरून एकेक जनुक तपासतात: हे जनुक जोरात असलेले रुग्ण लवकर गेले का? ज्यांचं उत्तर 'हो' किंवा 'उलट' येतं त्यातली पाच-दहा निवडून त्यांचा एक गुण (स्कोअर) काढतात. गुणांच्या मधल्या आकड्यावर रेघ मारली की वरचे जास्त धोक्याचे, खालचे कमी धोक्याचे. दोन्ही गटांतले किती जण हयात राहिले याचे जिन्यासारखे उतरणारे आलेख काढले की ते एकमेकांपासून छान दूर जाताना दिसतात. पत्रकात तेच चित्र असेल.

त्या चित्रात काय दिसत नाही ते बघा. ३७० माणसं आणि २० हजार जनुकं. माणसांपेक्षा जनुकं पन्नासपटीहून जास्त. इतक्या गर्दीत नशिबाने जुळणारी जनुकं सापडतातच. म्हणून एका डेटावर बनवलेला गुण दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हॉस्पिटलातल्या रुग्णांवर तपासावा लागतो, आणि तिथे अनेकदा त्याचा जोर ओसरतो. २०११ साली स्तनाच्या कॅन्सरवर एक डोळे उघडणारं काम झालं. संशोधकांनी जनुकांच्या वाट्टेल तशा चिठ्ठ्या टाकून याद्या केल्या. शंभराहून जास्त जनुकांच्या अशा याद्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त याद्या आयुष्याशी 'जुळल्या'. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत जी जनुकं बदलतात, त्यांची यादीसुद्धा जुळली! कारण असं, की गाठ वेगाने वाढत असली तर तिचा ठसा हजारो जनुकांवर पडतो. कुठलीही मूठ भरा, त्यात तो ठसा येतोच. तेव्हा 'आमची यादी आयुष्याशी जुळते' एवढं सांगणं पुरेसं नाही. आधीच माहीत असलेल्या गोष्टींपेक्षा ती जास्त काय सांगते, हे दाखवावं लागतं.

तरी हे सगळं फोल आहे असं मुळीच म्हणत नाही, याच कामावर माझी दहा वर्षं गेली आहेत. २००४ साली ९१ गाठी तपासून दाखवलं गेलं की डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या गाठींचे जनुकांवरून दोन गट पडतात आणि एका गटातले रुग्ण स्पष्टपणे जास्त जगतात. २०१३ साली फ्रान्समधून पाच जनुकांचा गुण आला: टीएएफ९, आरएएमपी३, एचएन१, केआरटी१९, आरएएन. ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर, वेगवेगळ्या केंद्रांत तपासलेला. माझ्या मते या क्षेत्रातलं हे नेटकं काम आहे.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २००८ सालचं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं. होशिदा आणि सहकाऱ्यांनी ताज्या गाठींऐवजी मेणात बसवून जपलेले जुने तुकडे (ब्लॉक) घेतले, काही तर २४ वर्षांपूर्वीचे. ६ हजार जनुकं मोजली. आधी गाठ तपासली, तर गाठीतल्या जनुकांचा आयुष्याशी काही संबंध लागेना. मग गाठीच्या शेजारचं, कॅन्सर नसलेलं लिव्हर तपासलं, आणि तिथे तो लागला. ८२ जपानी रुग्णांवर १८६ जनुकांची यादी ठरली आणि अमेरिका-युरोपातल्या २२५ रुग्णांवर ती पुन्हा खरी उतरली.

याचा अर्थ नीट बघा. ऑपरेशननंतर पहिल्या दोनेक वर्षांत कॅन्सर परत आला तर तो बहुधा जुन्याच गाठीच्या सुटलेल्या पेशींचा असतो. त्यानंतर आला तर बऱ्याचदा तो नवीन गाठीचा असतो, आजारी लिव्हरमध्ये नव्याने उगवलेल्या. शेजारचं लिव्हर सांगत होतं ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

---

निफाडची_लेक | मंगळवार, रात्री ११:३०

जीनगणित दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गाठ गप्प राहिली आणि शेजारचं लिव्हर बोललं, हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही सगळे फक्त त्या काढलेल्या गाठीचाच विचार करत बसलोय.

एक विचारू? हा गुण एका माणसाला लावला तर कितपत बरोबर येतो?

---

जीनगणित | बुधवार, सकाळी ८:२०

सरळ सांगतो. अशा गुणाची ताकद मोजायची एक पद्धत आहे. दोन रुग्ण उचला आणि गुणाला विचारा, यातला जास्त कोण जगेल? नुसतं नाणं उडवलं तर दहापैकी पाच वेळा उत्तर बरोबर येईल. चांगले म्हणवले जाणारे अनेक गुण दहापैकी सातच्या आसपास जातात. हजार रुग्णांच्या अभ्यासात ही मोठी मदत आहे. एका बापाच्या बाबतीत, त्याच्या लेकीसमोर बसून बोलायला, ती फार तोकडी आहे. 'जास्त धोका' गटातला माणूस दहा वर्षं जगतो आणि 'कमी धोका' गटातला दीड वर्षात जातो, असं त्या जिन्यासारख्या आलेखांत जागोजागी घडलेलं असतं. आलेख गटाचा असतो, त्यात बाबा कुठल्या पायरीवर हे तो दाखवत नाही.

---

कावेरी_प | बुधवार, दुपारी १:४०

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. जनुकांची टेस्ट म्हणजे हे मुलांकडे येतं का? माझे सासरे याच आजाराने गेले आणि तेव्हापासून यजमान मनातून धास्तावलेले असतात.

---

मायक्रोस्कोप | बुधवार, रात्री ९:१५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच.

कावेरीताई, प्रश्न बाळबोध नाही, रोज कुणीतरी विचारतं. गाठीतल्या जनुकांची सक्रियता ही गाठीपुरती असते, ती वारशाने येत नाही. पण हिपॅटायटिस बी घरात पसरू शकतो. आईकडून बाळाला जन्मावेळी, रक्तातून, एकाच वस्तऱ्याने दाढी केल्याने, नीट न उकळलेल्या सुयांमधून. पूर्वी गावोगाव एकच काचेची सिरिंज पुसून वापरली जायची, तो काळ आठवा. सासऱ्यांना बी असेल तर घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी (बी आहे का ते सांगणारी रक्ताची) तपासणी करून घ्या. ताई, हे तुम्हालाही सांगतोय, आणि त्या पाच आकडी टेस्टच्या आधी सांगतोय. आई, तुम्ही, दादा, दादाची मुलं. निगेटिव्ह असलेल्यांना लस. पॉझिटिव्ह निघालं तर घाबरायचं नाही, औषधं आहेत. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

हा विषाणू स्वतःच्या डीएनएचा तुकडा माणसाच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. कधी तो टर्ट नावाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतो. हे जनुक पेशीला न थकता दुभंगत राहू देतं, म्हणून मोठ्या माणसाच्या लिव्हरपेशीत ते बंद असतं. विषाणूच्या शेजाराने ते पुन्हा चालू होतं. म्हणून बी असलेल्या माणसाला सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) न होताही कॅन्सर होऊ शकतो. दारू न पिणाऱ्या तुमच्या बाबांना हे कसं झालं, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. आयुष्यभर लोक त्यांच्याकडे पिणारा म्हणून बघतील, ते मनाला लावून घेऊ नका.

आता टेस्टबद्दल. पत्रकाआधी हातात असलेला, काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट वाचा. त्यात चार गोष्टी शोधा: गाठी किती, सगळ्यात मोठी केवढी, कडा मोकळ्या आहेत का, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. शेजारच्या लिव्हरमध्ये किती फायब्रोसिस (सिरॉसिसच्या आधीचे व्रण) आहे तेही लिहिलेलं असतं. आज डॉक्टर पुढचा अंदाज बांधतात तो यावर, एएफपीवर आणि उरलेलं लिव्हर किती काम करतंय त्यावर. जीनगणित यांनी दिलेल्या पाच जनुकांतलं केआरटी१९ आम्हीही बघतो, वेगळ्या वाटेने. त्या जनुकाचं प्रथिन साध्या स्टेनिंगने, म्हणजे रंग चढवून, काचेवर दिसतं. लिव्हरच्या गाठीत ते बरंच दिसलं तर गाठ चिवट असायची शक्यता वाढते.

एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सिरॉसिस किंवा बी असलेल्यांत लिव्हरचा कॅन्सर बहुतेकदा सीटी-एमआरआयच्या खुणांवरूनच ठरतो, तुकडा काढायला सुई घालावीच लागत नाही. औषधाचा रंग गाठीत आधी झपकन भरतो आणि मग इतर लिव्हरपेक्षा लवकर निघून जातो, तेवढं पुरतं. सुई घातली तर शंभरात दोन-तीन जणांमध्ये तिच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडतात. त्यामुळे असंख्य रुग्णांचा तुकडा कुणाकडेच नसतो, आणि तुकडा नाही तर आरएनए नाही. जनुकांवरचे सगळे अभ्यास मुख्यतः ऑपरेशन होऊ शकलेल्या, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या रुग्णांवर झालेत. सातपूरकर, तुमच्या भावासारखे रुग्ण त्या आकड्यांत जवळजवळ नाहीतच.

तुमच्या बाबांचा ब्लॉक हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात जपलेला असेल. टेस्ट आज नाही केली तरी तो कुठे जात नाही. घाई नाही.

---

अंबडचा_आनंद | बुधवार, रात्री १०:५०

डॉक्टर, सगळं मान्य. पण बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा अशाच जनुकांच्या टेस्टवरून तिची केमो टळली. तिथे चालतं, मग इथे का नाही?

---

जीनगणित | गुरुवार, सकाळी ७:५५

आनंददादा, नेमकी जागा पकडलीत. तिथे २१ जनुकांच्या टेस्टवर १० हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला, निकाल २०१८ साली आला. टेस्टचं उत्तर बघून केमो द्यायची की नाही हे ठरवलं आणि मग काय झालं ते वर्षानुवर्षं पाहिलं. म्हणजे टेस्टच्या उत्तराला जोडलेला निर्णय होता. तुमच्या बहिणीच्या हातात त्या कागदातून काहीतरी पडलं.

लिव्हरमध्ये उत्तर आलं, 'धोका जास्त', पुढे काय? ऑपरेशननंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणून सोराफेनिब ही कॅन्सरची गोळी देऊन बघितली, २०१५ साली कळलं की फायदा नाही. नंतर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) आणि आणखी एका औषधाची जोडी देऊन बघितली. २०२३ साली सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पुढच्या पाहणीत तो फायदा टिकला नाही. तेव्हा जास्त धोका निघाला काय आणि कमी निघाला काय, आज बाबांच्या औषधाच्या चिठ्ठीत फरक पडत नाही. तपासण्या दोन्हीकडे दर तीन-चार महिन्यांनी करायच्याच. म्हणूनच मोठ्या संघटनांच्या मार्गदर्शिकांनी लिव्हरसाठी अशी कुठलीही यादी रोजच्या वापरात घेतलेली नाही.

सातबाऱ्याचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. ते काम टेस्टशिवाय करायचं. या ऑपरेशननंतर पाच वर्षांत पुष्कळ जणांना, काही अभ्यासांत ७० टक्क्यांपर्यंत, आजार परत येतो. ताई, हा आकडा लिहिताना हात अडखळला, पण तुम्ही खरं विचारलंत. परत आलेला लवकर सापडला तर पुन्हा काढता किंवा जाळता येतो, म्हणून ते तीन-चार महिने चुकवायचे नाहीत.

---

रानवारा | गुरुवार, दुपारी ४:३०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे निफाड-येवल्याकडचे लोक बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून चटणीला वापरतात. अफ्लाटॉक्सिन लिव्हरला घातक असतं असं वाचलेलं, ते यात येतं का?

---

मायक्रोस्कोप | गुरुवार, रात्री ८:४५

येतं, आणि फार नेमकेपणाने येतं. शेंगदाणा-मक्यावरच्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचं हे विष टीपी५३ जनुकात ठरावीक जागी, २४९व्या ठिकाणी, बदल घडवतं. तो बदल दिसला की बुरशीचा हात आहे हे जवळपास ओळखता येतं. हिपॅटायटिस बी आणि हे विष एकत्र आले तर धोका कित्येक पटींनी वाढतो. भाजल्याने ते पुरतं जात नाही. काळे, सुरकुतलेले, कडू दाणे सरळ टाकून द्यायचे.

---

निफाडची_लेक | शनिवार, रात्री १०:२० (नऊ दिवसांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण घरात बऱ्याच गोष्टी घडल्या.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. आई आत निघून गेली, पण दारापाशी उभी राहून ऐकत होती. मी पत्रक दाखवलं, मग जीनगणित दादांनी लिहिलेलं शेजारच्या लिव्हरचं सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी रोगासारखंच की. रोग लागलेला घड खुडून टाकला तरी बागेत ओल धरून राहिली तर दुसरीकडे फुटतोच. खुडलेल्या घडाला काय विचारायचं? बागेची हवा बघायला पाहिजे." टेस्ट नको म्हणाले. घाबरून म्हणाले नाहीत. त्या पैशांचं काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं: घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा.

रिपोर्ट वाचला. गाठ एकच, कडा मोकळ्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. फायब्रोसिस आहे, सिरॉसिस नाही. बाबांची विषाणूवरची गोळी चालू आहे. मधे दोन आठवडे ती संपली होती आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आता आईने डबीवर वार लिहून ठेवलेत.

आई निगेटिव्ह. मी निगेटिव्ह, पहिली लस काल घेतली. दादा पॉझिटिव्ह निघाला.

तोच दादा, जो 'करून टाकू, कळेल तरी' म्हणत होता. रिपोर्ट हातात घेऊन पायरीवर बसून राहिला. बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि दोघं कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. त्याची सोनोग्राफी नॉर्मल आहे. वहिनी निगेटिव्ह, मुलांना लहानपणीच लस झालेली, तरी तपासून घेतलं, दोघंही निगेटिव्ह. व्हायरल लोडचं (विषाणू किती आहे ते मोजायला) रक्त दिलंय, रिपोर्ट गुरुवारी येईल. आला की इथेच लिहीन, मायक्रोस्कोप सर, तुम्ही बघाल ना?

बाबांचा पुढचा सीटी ऑगस्टमध्ये. सातपूरकर काका, पंचवटीचं तिकीट तेव्हा तुमच्याच सल्ल्याने काढणार आहे.